अक्षता गोरजाची, मोजणी अकराची

या महिन्यात वाहतुकीच्या मोजणीवरची तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. कसबा बावड्याच्या बाजूला रस्त्याला लागून आमची ६० गुंठे जमीन आहे. तिथं ८०० माणसांचं मंगल कार्यालय आणि रस्त्याकडेला १२ गाळे काढायचं मनात आहे. जागा निवासी झोनमध्ये आहे, ती व्यापारी करून घ्यायचा प्रस्ताव द्यायचाय. त्यासाठी एका सल्लागाराकडून वाहतुकीचा रिपोर्ट करून घेतला, त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ११ ते १२ मोजणी केली. रस्त्यावर तासाला ५६० पीसीयू (म्हणजे मोटारीच्या मापात धरलेल्या गाड्या), आमच्यामुळं वाढणार ७०, एकूण ६३०. रस्त्याची क्षमता १२००, म्हणजे ५२ टक्के वापर, सबब ‘परिणाम नगण्य’ असं लिहिलंय. रिपोर्ट माझ्याच बाजूचा आहे, पण मलाच पटंना झालाय. माझं घर त्याच जागेच्या मागं आहे. संध्याकाळी गाडी बाहेर काढताना काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी पुतण्याला घेऊन गच्चीवरून ६ ते ७ मोजलं : दुचाकी ७२०, मोटारी १९०, रिक्षा ६०, छोटे टेम्पो ३५, बस-ट्रक १२, उसाचे ट्रॅक्टर १०. यातला कुठला आकडा खरा धरायचा? आणि मोठा आकडा दिला तर माझाच प्रस्ताव अडकणार का?
— एक शेतकरी, कसबा बावडा

उत्तर : दादा, पुतण्याला माझ्यातर्फे एक मिसळ द्या. स्वतःच्या बाजूचा रिपोर्ट हातात असताना गच्चीवर चढून गाड्या मोजणारा अर्जदार मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

आधी माझीच चूक सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी, मी शिकवत होते तेव्हा, असल्याच एका कार्यालयाच्या रिपोर्टासाठी पोरांना घेऊन मोजणीला बसले होते. चहाच्या टपरीचं बाकडं, पुठ्ठ्यावर कागद, चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. महिना श्रावणाचा. रस्ता असा मोकळा की पोरं पेंगायला लागली. मी आनंदानं ‘वाहतूक सुरळीत’ असं लिहून दिलं. पुढच्या वैशाखात आमच्या ह्यांच्या भाच्याचं लग्न नेमकं त्याच कार्यालयात निघालं. गेटपासून दीडशे पावलांवर आमची रिक्षा अडकली. आत मंगलाष्टकं सुरू झालेली लाउडस्पीकरवर ऐकू येत होती. मी नऊवारीचा काष्टा सावरत रस्त्यानं पळाले आणि पोचले तेव्हा वाजंत्री वाजत होती. अक्षता मुठीतच राहिल्या. चातुर्मासात लग्नं नसतात हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मोजणीचा तक्ता करताना डोक्यात पंचांग नव्हतं, कॉलेजचं वेळापत्रक होतं.

तुमच्या सल्लागाराचं तेच झालंय. ऑगस्ट म्हणजे चातुर्मास, एकही मुहूर्त नाही. उसाचा हंगाम नाही, म्हणजे राजाराम कारखान्याकडं जाणारा एक ट्रॅक्टर नाही. शिवाय त्या दिवसांत राजाराम बंधारा पाण्याखाली असला तर त्याच्यावरून जाणारी बावडा-वडणगे वाट बंद, तिकडची गाडी तुमच्या रस्त्यावर येणारच नाही. मंगळवारी अकराला माणूस ऑफिसात असतो आणि पोरं शाळेत. त्या तासात ५६० सापडले हे खोटं नाही. फक्त तो तास तुमच्या कार्यालयाच्या कामाचा नाही. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि गाळपही साधारण त्याच सुमाराला जोरात येतं. हिवाळ्यात गोरज मुहूर्त सहाच्या मागंपुढं. शहरातून घरी परतणारे, वरातीला निघालेले आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सगळे एकाच वेळी तुमच्या फाटकासमोर. मोजायचा तास तो. तुमच्या पुतण्यानं नेमका तोच धरला.

आता त्याच्या गाड्यांचे पीसीयू करू. पीसीयू म्हणजे सगळ्या गाड्या मोटारीच्या मापात आणणं, जसं धान्य पायलीत मोजायचं. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९९० साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका काढली, आयआरसी १०६. रिपोर्टातला १२०० चा आकडा तिच्यातलाच आहे. तिच्यात दुचाकीला दोन भाव आहेत. एकूण वाहनांत दुचाकी ५ टक्क्यांच्या आत असतील तर ०.५, आणि १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५. कोल्हापुरात दुचाकी दहा टक्क्यांच्या आत कधी असणार? तरीही झेरॉक्सच्या शेवटच्या पानावरचं बारीक कोष्टक बघा, तिथं ०.५ लावलाय. तुमच्या मोजणीत नुसत्या या एका आकड्यानं ५४० चे ३६० झाले असते.

बरोबर भावानं हिशेब असा : दुचाकी ५४०, मोटारी १९०, रिक्षा १.२ नं ७२, टेम्पो १.४ नं ४९, बस-ट्रक २.२ नं २६, ट्रॅक्टर-ट्रॉली ४ नं ४०. बेरीज ९१७. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ४ हा भाव कमीच पडतो असं माझं मत आहे. पण कोष्टकात ट्रॅक्टर-ट्रेलर एवढंच लिहिलंय, म्हणून तो तसाच ठेवला.

मग वाढणारे ७० कुठून आले? बांधकामाच्या क्षेत्रफळाला एका परदेशी दरानं गुणलंय. लग्न चौरस फुटाला येत नाही हो, माणसाला येतं. तुमचं कार्यालय ८०० चं ना, मग ८०० पासून निघायचं. मी अंदाजानं ५५ टक्के दुचाकीवर दोघं-दोघं धरले, म्हणजे २२० दुचाकी. २५ टक्के मोटारीत चौघं, म्हणजे ५० मोटारी. १० टक्के रिक्षात तिघं, म्हणजे २७ रिक्षा. उरलेले ८० लोक वऱ्हाडाच्या दोन बसमधून. रिक्षा माणसं सोडून लगेच माघारी फिरते, म्हणून ती येताना एकदा आणि जाताना एकदा मोजायची. हे बहुतेक सगळे विसरतात. बेरीज साधारण २८४ पीसीयू. त्यातले दोन तृतीयांश अक्षतेच्या आधीच्या एका तासात आले असं धरलं तर १८९. माझे टक्के तुम्ही तसेच उचलू नका. तुमच्यासारख्याच कार्यालयाबाहेर दोन लग्नं उभं राहून मोजा आणि दुरुस्त करा. एका दुचाकीवर कधी तिघं आणि एक आहेराचं पातेलं असतं, ते माझ्या हिशेबात नाही.

९१७ अधिक १८९, झाले ११०६. अजून १२०० च्या आतच. इथं सल्लागार म्हणेल, बघा, मी काय सांगत होतो!

थांबा जरा. पाहुणे तासभर सारखे येत नाहीत. पत्रिकेत सहा वाजून बारा मिनिटं छापलेली असली की घरातून निघणारा हिशेबानंच निघतो आणि शेवटच्या पाव तासात झुंबड उडते. १८९ पैकी निम्मे, ९५, त्या पंधरा मिनिटांत धरा. रस्त्यावरच्या ९१७ चा पाव हिस्सा २२९. दोन्ही मिळून ३२४, म्हणजे तासाच्या गतीनं १२९६. ओलांडली की नाही मर्यादा? म्हणून मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत लिहायची असते. तासाच्या बेरजेत ही झुंबड दिसतच नाही.

तरी यानं घाबरू नका. १२०० म्हणजे रस्ता ठप्प होण्याचा आकडा नव्हे. मार्गदर्शिकेनं तो कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांवर धरलाय, जरा श्वास घ्यायला जागा ठेवून. कमाल क्षमता त्या हिशेबानं १७०० च्या आसपास येते. पाव तास गर्दी झाली म्हणून कोणी तुमचा प्रस्ताव फेकून देणार नाही.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. १२०० हा आकडा रिपोर्टानं कुठल्या रकान्यातून उचलला? दोन पदरी, दोन्ही दिशांच्या रस्त्यासाठी तिथं तीन आकडे आहेत : १५००, १२०० आणि ९००. १५०० त्या मुख्य रस्त्याला, ज्यावर घरादुकानांची तोंडंच उघडत नाहीत. १२०० त्याला, जिथं तोंडं उघडतात पण रस्त्यावर एकही गाडी उभी नसते. आणि ९०० त्याला, जिथं दारं उघडतात, कडेला गाड्या लागतात आणि आडवी ये-जा भरपूर असते. दादा, डोळे मिटून तुमचा रस्ता आठवा. भेळेचा गाडा, त्याच्यापुढं तिरक्या लावलेल्या चार मोपेड, टायरचं दुकान, दूध घालून परत निघालेली माणसं, मधूनच आडवी जाणारी म्हैस. सांगा, हा कुठला रकाना? मी तर ९०० चा म्हणेन. आणि तुमच्या मोजणीत आजच ९१७ आहेत. कार्यालय व्हायच्या आधी, गाळ्याचा एकही खड्डा खणायच्या आधी.

म्हणजे सगळा निकाल कोष्टकातल्या एका बोटानं ठरला. बोट मधल्या रकान्यावर ठेवलं तर ‘नगण्य’, शेजारच्या रकान्यावर ठेवलं तर रस्ता आधीच भरलेला.

आता तुमच्या भीतीचं. मोठा आकडा दिला तर प्रस्ताव अडकेल का? झोन बदलायचा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७ लागतं. महापालिका फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करणार, महिनाभर हरकती-सूचना मागवणार, सुनावणी होणार, मग प्रस्ताव शासनाकडं जाणार. त्या महिन्यात समोरच्या कॉलनीतला कोणी निवृत्त मास्तर तुमच्यासारखाच गच्चीवर चढला आणि ९१७ घेऊन सुनावणीला आला, तर तुमच्या हातात काय असेल? ऑगस्टचे ५६०. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवतील. त्यापेक्षा ९१७ तुम्हीच लिहा आणि त्यापुढं उपाय लिहा. ‘परिणाम आहे, आणि तो आम्ही असा आत घेतो’ हे वाक्य असलेल्या प्रस्तावाला अट घालून मंजुरी देता येते. ‘परिणामच नाही’ म्हणणाऱ्याला अट कशावर घालणार?

उपाय म्हणजे मुख्यतः फाटक. शहराकडून येणाऱ्याला तुमच्या जागेत शिरायला उजवीकडं वळावं लागतं, हे तुमच्या नकाशावरून दिसतंय. समोरून येणाऱ्यांत फट मिळेपर्यंत तो मधोमध थांबणार आणि मागचा अख्खा पदर त्याच्यामागं उभा राहणार. एक मोटार पुरते त्याला. मला विचाराल तर कोंडी आकड्यानं होत नाही, त्या एका वळणाऱ्या गाडीनं होते. तेव्हा फाटक रस्त्याला चिकटून ठेवू नका, ३० मीटर आत न्या. रांगेतल्या मोटारीला ६ मीटर धरले तर पाच मोटारी तुमच्याच जागेत उभ्या राहतात. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी ठेवा. दुचाकींना स्वतंत्र फाटक द्या. २२० दुचाकी मोटारींच्या रांगेत घातल्या तर कुणीच आत पोचणार नाही. रिक्षाला आतच वळसा हवा, माणसं सोडून लगेच बाहेर. आणि वरात आवारातच फिरेल असं बुकिंगच्या पावतीवर छापा. घोडा रस्त्यावर आला की आयआरसी १०६ संपलं. (त्या कोष्टकात टांग्याला भाव आहे, नवरदेवाच्या घोड्याला नाही.)

जागा पुरते का तेही पाहिलं. ६० गुंठे म्हणजे सुमारे ६०७० चौरस मीटर. ५० मोटारींना वळायच्या जागेसह प्रत्येकी २३ धरले तर ११५०. दुचाकीचा खण १ बाय २ मीटरचा, २२० चे ४४०, मधल्या वाटा धरून आठशे-नऊशे. दोन बस, रिक्षाचा वळसा, ३० मीटरची आतली वाट. बसतं सगळं, कार्यालय जरा मागं सरकवलं तर. गाळ्यांचा मात्र फेरविचार करा. १२ गाळे रस्त्याच्या तोंडावर काढलेत, त्यांची गिऱ्हाइकं गाडी कुठं लावणार? रस्त्यावर. म्हणजे रस्ता ९०० च्या रकान्यात कायमचा बसवायचं काम तुम्ही स्वतःच करणार. सहा गाळे कमी करा किंवा सगळे १० मीटर मागं घ्या. भाडं बुडेल हे मला कळतंय.

प्रश्न : मी नवीन आर्किटेक्ट आहे. राजारामपुरीत एका सुपरमार्केटसाठी फेऱ्यांचा अंदाज काढायचाय. अमेरिकेतल्या ‘आयटीई’ या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेच्या ट्रिप जनरेशनच्या पुस्तकात दर हजार चौरस फुटांना किती गाड्या येतात ते तयार मिळतं. ते वापरलं तर चालेल का? आणि रस्त्यावरून आधीच जाणाऱ्या गाड्या वजा करता येतात असं वाचलं, ते कितपत खरं?

उत्तर : पुस्तक चांगलं आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा मोजण्या तिकडच्या उपनगरांतल्या. तिथं दूध आणायलाही मोटार काढतात. आपल्याकडं राजारामपुरीत निम्मी गिऱ्हाइकं चालत किंवा मोपेडवर येतील. पद्धत घ्या, दर घेऊ नका. गावातली साधारण तशाच आकाराची तीन दुकानं निवडा. दारात उभं राहून आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाड्या पाव-पाव तासानं मोजा आणि क्षेत्रफळानं भागा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला शनिवार किंवा रविवार घ्या, पगार झाल्यावर किराणा भरला जातो. वीस तारखेची मोजणी घेऊन माझ्याकडं येऊ नका. मालाचा टेम्पो किती वाजता येतो आणि उतरवून व्हायला किती वेळ लागतो, तेही लिहा. घरपोच माल नेणारी पोरं दाराबाहेर गाड्या लावून मोबाईल बघत बसतात, त्या गाड्याही मोजा. तयार दरात त्या सापडायच्या नाहीत.

वजाबाकीचं अर्धं खरं आहे. ऑफिसातून घरी जाताना वाटेत थांबून साखर घेणारा माणूस रस्त्यावर नव्यानं आला नाही, म्हणून रस्त्याच्या बेरजेतून तो वजा होतो. पण तुमच्या दारात तो वळतोच. दारावरचा हिशेब करताना एकही गाडी वजा करायची नाही. रिपोर्टात वजाबाकी दोन्हीकडं केलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. आणि एकूण गिऱ्हाइकांतले किती वाटेवरचे, हे टक्के मनानं टाकू नका. दारात पन्नास जणांना विचारा : इथं आला नसतात तर आत्ता याच रस्त्यानं गेला असतात का? लोक सांगतात. कोल्हापूरचा माणूस विचारलं की सांगतोच, वर चहाही पाजतो.

प्रश्न : आमच्या कॉलनीशेजारी व्यापारी संकुल येणार असं ऐकतोय. वाहतुकीचा रिपोर्ट आम्हाला बघायला मिळेल का? हरकतीवर शंभरेक सह्या घेतल्या आहेत.
— एक गृहिणी

उत्तर : मिळेल, ताई. माहिती अधिकार कायदा २००५ खाली साधा अर्ज करा, दहा रुपयांचं शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. पण झोन बदलायच्या कलम ३७ ची हरकतीची मुदतही एक महिनाच असते, हे ध्यानात ठेवा. सूचना निघाल्यावर अर्ज केलात तर रिपोर्ट हातात येईपर्यंत हरकतीचा महिना संपलेला असेल. म्हणून आजच अर्ज टाका. आणि त्या विभागात स्वतः जाऊन फाईल दाखवता का म्हणून तोंडी विचारा, कधीकधी दाखवतात.

रिपोर्ट मिळाला की चारच गोष्टी बघा. मोजणीची तारीख आणि वार. वेळ. दुचाकीला ०.५ लावलाय की ०.७५. आणि रस्ता कुठल्या रकान्यात बसवलाय.

सह्या जोडा, पण हरकतीचं पहिलं पान त्यांचं नको. पहिल्या पानावर तुमची स्वतःची मोजणी द्या : तारीख, वार, कुठून कुठपर्यंत, कोणी मोजलं, पाव-पाव तासाचे आकडे. कॉलनीतली दोन दहावीची पोरं आणि एक खुर्ची एवढं पुरतं. पोरांना काड्या मारायला शिकवा, पाचवी आडवी. रिक्षा आणि टेम्पो वेगळे लिहायला सांगा, ती दोन्ही एकात घालतात. आणि मोजणीला बसवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.